दोन बटणांचा कीबोर्ड

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ग्रुप थिअरीच्या युनिट टेस्टमध्ये एका प्रश्नाचं उत्तर मी दोन शब्दांत लिहिलं होतं: ‘होय. उघडच.’ प्रश्न असा होता: एक ग्रुप मोजक्याच जनरेटरपासून बनला आहे आणि त्यातल्या प्रत्येक घटकाची ऑर्डर सांत आहे, तर ग्रुप सांत असतो का? सांत म्हणजे तेच, नववीच्या पुस्तकातल्या सांत आणि अनंत संचांतलं. मोजायला बसलं तर कधीतरी संपणारं.

पेपर परत देताना सर म्हणाले, “अगं, हे उघड असतं तर निम्म्या मॉस्कोला दुसरा धंदा शोधावा लागला असता.” पाचपैकी शून्य. वर्ग हसला, मीही हसले. ते मॉस्को मात्र डोक्यातून गेलं नाही. पुढे मी गणितात राहिले नाही, पण त्या दोन शब्दांची चूक किती मोठ्या माणसांनी किती वर्षं गंभीरपणे बाळगली होती, हे हळूहळू वाचत गेले. हा लेख त्याबद्दल आहे.

ग्रुप म्हणजे काय ते न सांगता एक खेळ सांगते, तेवढा पुरेल. समजा तुमच्या फोनच्या कीबोर्डवर दोनच बटणं आहेत, ‘क’ आणि ‘ख’. तुम्ही हवा तेवढा लांब मेसेज टाइप करू शकता. नियम एकच. कोणताही तुकडा लागोपाठ दोनदा आला की तो जोडीने पुसायचा. ‘कक’ गायब. ‘कखकख’ही गायब. आणि उलटही चालतं: मनात येईल तिथे अशी जोडी घुसडायची मुभा आहे. एका मेसेजवरून असं पुसत-घुसडत दुसऱ्यावर जाता आलं, तर ते दोन्ही मेसेज एकच समजायचे.

आता ‘खक’ घ्या. त्याच्या आधी ‘कखकख’ घुसडा. झालं ‘कखकखखक’. मधला ‘खख’ पुसा, उरलं ‘कखकक’. ‘कक’ पुसा, उरलं ‘कख’. म्हणजे ‘खक’ आणि ‘कख’ एकच! अशाने सगळ्या लांबलचक मेसेजांची वाफ होते आणि शेवटी चारच वेगळे मेसेज उरतात: रिकामा, ‘क’, ‘ख’ आणि ‘कख’.

नियम बदला. दोनदाऐवजी तीनदा लागोपाठ आलं तरच पुसायचं. आता किती उरतील? उत्तर आहे २७. चारदाचा नियम केला तर ४०९६. पाचदाचा केला तर? थांबा, तिथे येऊच.

हा खेळ १९०२ साली विल्यम बर्नसाइडने मांडला. म्हणजे कीबोर्ड माझा, प्रश्न त्याचा. बर्नसाइड लंडनचा, वडील लहानपणीच वारलेले. केंब्रिजमध्ये शिकला, तिथे नाव काढलं ते गणितात आणि वल्हवण्यात. १८८५ पासून तो ग्रीनिचच्या रॉयल नेव्हल कॉलेजात प्राध्यापक होता, म्हणजे नौदलाच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवायचा. आधीचा त्याचा बराच अभ्यास द्रवगतीसारख्या विषयांतला. ग्रुपकडे तो चाळिशीनंतर वळला आणि १८९७ मध्ये त्याने इंग्रजीतलं सांत ग्रुपांवरचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. त्या काळी इंग्लंडात या विषयाला फारसं गिऱ्हाईक नव्हतं.

१९०२ च्या लेखाच्या शीर्षकातच त्याने हा न सुटलेला प्रश्न आहे असं म्हटलं. त्याचे दोन भाग पडतात. सैल भाग म्हणजे माझ्या टेस्टमधला प्रश्न: प्रत्येक मेसेजला स्वतःचा असा एक आकडा आहे, तितक्यांदा लागोपाठ आला की तो पुसतो, पण हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. कडक भाग म्हणजे सगळ्यांना एकच आकडा, आपल्या खेळासारखा. दोन्हीत विचारायचं तेच: बटणं मोजकी असतील तर मेसेज मोजकेच उरतात का?

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात पडले होते, म्हणून सांगते. तुम्हाला वाटेल, अनंत मेसेज हवे असतील तर असा एक न संपणारा शब्द शोधायचा ज्यात काहीच तीनदा लागोपाठ येत नाही, मग पुसायला काही नाही, मग झालंच. नॉर्वेच्या आक्सेल थूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे शब्द शोधलेही. दोनच अक्षरांचे, न संपणारे, आणि कुठलाही तुकडा सलग तीनदा नाही. तरीही तीनदाच्या नियमात वेगळे मेसेज २७ च! कारण पुसण्याआधी घुसडता येतं. दिसायला अगदी घट्ट असलेला शब्द तुम्ही आधी फुगवता, आणि फुगल्यावर तो कोसळतो. किती फुगवावं लागेल याला काही धरबंध नाही. सगळी गोम इथे आहे.

तीनदाच्या नियमाचं नेमकं गणित १९३३ मध्ये दोघांनी लावलं: फ्रिडरिख लेवी आणि व्हान डर वार्डेन, दोघेही तेव्हा लाइपझिगला. त्यांचं उत्तर मला फार आवडतं. बटणं मोजा, बटणांच्या जोड्या मोजा, बटणांची त्रिकुटं मोजा, तिन्ही आकड्यांची बेरीज करा, आणि ३ ला तितक्यांदा स्वतःशी गुणा. दोन बटणं, एक जोडी, त्रिकूट नाही: बेरीज ३, मेसेज २७. तीन बटणं, तीन जोड्या, एक त्रिकूट: बेरीज ७, मेसेज २१८७. चार बटणांना ४७,८२,९६९. चौकड्या मोजाव्याच लागत नाहीत, त्रिकुटांवर गाडी थांबते.

हा लेख आला त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. लेवी ज्यू होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढलेला, तरी १९३५ मध्ये विद्यापीठाने त्याला काढून टाकलं. मग त्याला नोकरी मिळाली ती कलकत्ता विद्यापीठात, गणित विभागाचा प्रमुख म्हणून. तिथूनच १९४२ मध्ये त्याने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये एक लेख छापला, आणि गाडी त्रिकुटांवरच का थांबते त्याचं मूळ त्या लेखात सापडतं. १९४८ मध्ये तो मुंबईला आला, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. कुलाब्याची आजची इमारत तेव्हा नव्हती. इन्स्टिट्यूट आधी पेडर रोडवरच्या एका बंगल्यात होती आणि १९४९ पासून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. लेवी १९५२ पर्यंत मुंबईत होता, नंतर बर्लिनला परतला.

माझं कॉलेज फोर्टात होतं. दोन वर्षं मी त्या यॉट क्लबावरून चालत गेले, बहुतेक वेळा हातात वडापाव घेऊन. आता तिथे अणुऊर्जा खात्याचं कार्यालय आहे. माझ्या शून्य मार्कांच्या प्रश्नाशी झटलेला एक माणूस याच इमारतीत काही वर्षं ये-जा करत होता, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. कुणी आधी सांगितलं असतं तर टेस्टचं उत्तर बदललं नसतं, पण वडापाव जरा थांबून खाल्ला असता.

पुन्हा खेळाकडे. चारदाच्या नियमाला दोन बटणांचे मेसेज ४०९६ पेक्षा जास्त नाहीत, हे बर्नसाइडनेच दाखवलं होतं. ते नक्की तेवढेच आहेत हे ठरायला १९५४ उजाडलं. बटणं कितीही असोत, चारदाला मेसेज मोजकेच उरतात, हे सोविएत गणिती सानोवने १९४० मध्ये सिद्ध केलं. पाचदाचा नियम कुणालाच दाद देईना, म्हणून मार्शल हॉल या अमेरिकनाने त्याला वळसा घालून सहादाचा सोडवला, १९५८ मध्ये. सहाला दोन आणि तीन हे अवयव असल्यामुळे आधीची माहिती उपयोगी पडते. पाच मूळ संख्या, तिला धरायला कडच नाही. सहादाच्या नियमात दोन बटणांचे मेसेज किती होतात माहितेय? २ चा २८ वा घात गुणिले ३ चा २५ वा घात. साधारण २२७ वर अठरा शून्यं. पण सांत! कधीतरी संपणारे.

म्हणजे १९५८ पर्यंत जे जे सुटलं त्याचं उत्तर ‘होय’ होतं. बर्नसाइडने १९०५ मध्ये आणि इसाय शूरने १९११ मध्ये दाखवलं होतं की ग्रुप मॅट्रिक्सचा असेल तर उत्तर ‘होय’च. सगळा पुरावा एका बाजूला. माझ्या ‘उघडच’मध्ये मी एकटी नव्हते, हे वाचून जरा बरं वाटलं.

मग १९५९ मध्ये मॉस्कोच्या प्योत्र नोविकोवने जाहीर केलं की नाही, आकडा ७२ किंवा जास्त असेल तर मेसेज अनंत उरतात. नोविकोव म्हणजे कुणी हौशी नव्हे. ग्रुपमधले दोन शब्द एकच आहेत का हे ठरवणारी सरसकट रीत असूच शकत नाही, हे चार वर्षांपूर्वी सिद्ध केलेला माणूस. पण जाहीर केलेली ती गोष्ट तपशिलात उभी राहीना. त्याने आपला विद्यार्थी सेर्गेई अद्यान याला सोबत घेतलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली.

दरम्यान १९६४ मध्ये सैल प्रश्न भलत्याच दारातून सुटला. येवगेनी गोलोद आणि इगोर शफारेविच यांनी संख्याशास्त्रातल्या एका जुन्या कोड्यासाठी एक यंत्र बनवलं होतं, आणि गोलोदने त्यातून असा अनंत ग्रुप काढला ज्याची बटणं मोजकी आणि ज्यातला प्रत्येक मेसेज कधी ना कधी पुसला जातो. इथे माझं उत्तर अधिकृतपणे चुकीचं ठरलं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. संख्याशास्त्र म्हणजे इथे स्टॅटिस्टिक्स नव्हे हं, पूर्णांकांचा अभ्यास.

कडक प्रश्नाला मात्र नऊ वर्षं लागली. १९६८ मध्ये नोविकोव आणि अद्यान यांचा लेख तीन हप्त्यांत आला, तीनशेहून जास्त पानांचा. आकडा विषम आणि किमान ४३८१ असेल तर मेसेज अनंत. ७२ चे ४३८१ झाले होते. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. साठीकडे झुकलेल्या, नाव कमावलेल्या माणसाने दावा आधी केला, तो भरला नाही, आणि मग त्याने तो नेटाने, कमी करून, पूर्ण केला. अद्यानने १९७५ च्या पुस्तकात ४३८१ चे ६६५ केले. त्याच वर्षी नोविकोव वारला.

ज्यांना नोविकोवच्या मूळ दाव्याबद्दल शंका आली त्यांत इंग्लंडचा जॉन ब्रिटन होता. १९७३ मध्ये ब्रिटनने स्वतःची वेगळी, सुमारे तीनशे पानांची सिद्धता छापली. तिच्यातली चूक कुणी दाखवली? अद्यानने. या प्रश्नात कुणी कुणाला हसावं अशी सोयच नाही.

आता त्या माणसाबद्दल लिहिते ज्याच्यामुळे मी हे सगळं वाचत राहिले. ओटो श्मिट. जन्म १८९१, मोगिल्योव. कीव्हला शिकला आणि तिथेच १९१६ मध्ये ‘ग्रुपांचा अमूर्त सिद्धांत’ हे पुस्तक काढलं. तोवरच्या पुस्तकांत ग्रुप म्हटला की तो सांत हे गृहीत असायचं. श्मिटने ती अट काढली. ग्रुप अनंत असू द्या. मग त्याच्या भागांवर कोणत्या सांततेच्या अटी घातल्या म्हणजे तो आवाक्यात येतो, असा विचार सुरू झाला. पुढे सेर्गेई चेर्निकोव आणि इतरांनी त्याची आख्खी शाखा केली.

श्मिट भरघोस काळ्या दाढीचा, आणि एका कामात मावणारा नव्हे. क्रांतीनंतर सरकारी पदं, मोठ्या सोविएत विश्वकोशाचं संपादन, मॉस्को विद्यापीठात ग्रुप थिअरीचं सेमिनार, आणि आर्क्टिक महासागर. १९३३ मध्ये ‘चेल्युस्किन’ हे जहाज घेऊन तो उत्तरेच्या सागरी मार्गाने निघाला. जहाज बर्फात अडकलं आणि १३ फेब्रुवारी १९३४ ला चिरडून बुडालं. एक जण दगावला. १०४ माणसं तरंगत्या बर्फावर उतरली, त्यात दहा बायका आणि दोन लहान मुली. एक तर वाटेत जहाजावरच जन्मलेली. त्यातली शेवटची माणसं दोन महिने त्या बर्फावर राहिली. बर्फाला भेगा पडायच्या, विमान उतरायला तयार केलेली धावपट्टी मोडायची, पुन्हा नवी करायची. संध्याकाळी श्मिट तंबूत व्याख्यानं द्यायचा. शेवटी तो स्वतः न्युमोनियाने पडला आणि त्याला अलास्कात नोमला हलवलं. १३ एप्रिलपर्यंत १०४ च्या १०४ माणसांना विमानांनी बाहेर काढलं.

या माणसाच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रश्न आहे. असा अनंत ग्रुप कोणता, ज्याचा स्वतःहून लहान असलेला प्रत्येक उपगट सांत असतो? म्हणजे अख्खा अनंत, पण त्यातला कुठलाही तुकडा घ्या, मोजून संपणारा.

एक उदाहरण जुनं होतं आणि आजीच्या मापांनी सांगता येतं. शेर म्हणजे तबकडीचा एक पूर्ण फेरा धरा. मग अच्छेर म्हणजे अर्धा फेरा, पावशेर म्हणजे पाव, नवटाक त्याच्या निम्मं, छटाक त्याच्याही निम्मं, आणि असंच निम्मं-निम्मं करत कधीच न थांबता खाली. या सगळ्या मापांनी तबकडी जितकी वेगवेगळी फिरवता येते, तो झाला ग्रुप. अनंत. पण त्याचा लहान उपगट घेतला की तो कुठल्यातरी एका मापाशी थांबतो, छटाकेशी म्हणा, आणि छटाकेचे फेरे सोळाच. अट फक्त एवढी की निम्मं करण्याऐवजी तिसरा, पाचवा, असा कुठल्याही मूळ संख्येचा हिस्साही चालेल. श्मिटचा प्रश्न असा की या कुटुंबाबाहेरचं कुणी आहे का?

ज्या ग्रुपात कुठलीही मोजकी बटणं घेतली तरी सांतच काहीतरी मिळतं, तिथे उत्तर ‘नाही’ आहे. हे १९६३-६४ च्या सुमारास कारगापोलोवने, आणि वेगळं काम करत फिलिप हॉल व कुलतिलक यांनी दाखवलं. म्हणजे कुणी असलाच तर बर्नसाइडच्या प्रदेशात, जिथे मोजक्या बटणांतून अनंत निघतं.

श्मिट १९५६ मध्ये गेला. नोविकोवची घोषणाही त्याने ऐकली नाही. १९७९-८० मध्ये अलेक्झांडर ओल्शान्स्कीने तो ग्रुप बांधला. पुढे त्याने दाखवलं की १ वर ७५ शून्यं याहून मोठी कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्यासाठी असा अनंत ग्रुप आहे: कुठलाही एक शब्द घेऊन तो लागोपाठ टाइप करत राहिलात तर बरोबर तेवढेच मेसेज मिळतात, एकही जास्त नाही. आणि त्यांच्या बाहेरचा एकच, कुठलाही एक शब्द सोबत घेतलात की सगळाच्या सगळा ग्रुप हातात येतो. मधलं काही नाही. गणितात याला ‘टार्स्की मॉन्स्टर’ म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने अजिबात अतिशयोक्ती केलेली नाही.

‘होय’ म्हणणाऱ्यांच्या पदरी अगदीच काही पडलं नाही असं नाही. प्रश्न थोडा बदलून विचारला, की बटणं आणि आकडा ठरवून दिल्यावर या नियमाचे जे सांत ग्रुप आहेत त्यांत सर्वांत मोठा असा एक असतो का, तर उत्तर ‘होय’ आहे. आकडा मूळ संख्या असतानाचं कोस्त्रिकिनने १९५० च्या दशकाच्या शेवटी केलं, उरलेलं सगळं एफिम झेल्मानोवने, आणि १९९४ मध्ये झ्यूरिकला त्याला फील्ड्स पदक मिळालं.

लॉकडाऊनमध्ये मी हा खेळ लॅपटॉपवर लिहिला. दोन बटणं. दोनदाचा नियम दिला, चार मेसेज आले. तीनदाचा दिला, एंटर दाबायच्या आत २७. चारदासाठी प्रोग्राम तीन वेळा नव्याने लिहावा लागला, कारण मधली यादी ४०९६ च्या कितीतरी पुढे फुगत जायची आणि मग कोसळायची. तिसऱ्या दिवशी रात्री स्क्रीनवर ४०९६ उमटलं तेव्हा मी आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, “बरं, आता झोप.”

मग पाचदा. दोन बटणं, पाचदाचा नियम. मेसेज सांत की अनंत, हे बर्नसाइडने विचारल्याला शंभरावर वर्षं झाली तरी आजही कुणीच ठरवलेलं नाही. ठरलंय ते एवढंच की जर सांत असतील, तर ते बरोबर ५ चा ३४ वा घात इतके आहेत, एकही कमी-जास्त नाही. हे हॅव्हस, वॉल आणि वॉम्स्ली यांनी १९७४ मध्ये काढलं: ५८२०७६६०९१३४६७४०७२२६५६२५. अनंत असतील तर अनंत. मी प्रोग्राम सुरू करून झोपले. सकाळी पंखा घोंघावत होता, यादी फुगतच होती, आणि लॅपटॉप हात लावता येणार नाही इतका तापला होता. सरांना फोटो पाठवला. त्यांनी दुपारी उत्तर दिलं: “बंद करू नकोस. चहा झाला की पुन्हा बघ.”